३ फुटी टाकी, बोअरचं पाणी, सोलापूर : पंप नक्की किती लिटरचा घ्यावा?

विजापूररोडकर :
नमस्कार मंडळी. मामेभावाची बदली झाली आणि त्याची टाकी आमच्या हॉलमध्ये आली, ३ बाय दीड बाय दीड फूट. आत सगळे गोल्डफिशच आहेत, दोन ओरांडा आणि बाकी साधे लांब शेपटीचे कॉमेट. टाकीबरोबर जुना पॉवर हेड (पाण्यात बुडवून चालवायचा पंप) आलाय पण तो नुसता घूं घूं करतो, पाणी काही फेकत नाही. आता नवीन घ्यायचाय. एका दुकानात म्हणाले ३००० लिटरचा घ्या, कायमची कटकट मिटते, दुसऱ्या दुकानात म्हणाले पंपच नको, काठाला लटकवायचा हँग ऑन फिल्टर लावा, तिसरा म्हणे टाकीच्या वर बसणारा टॉप फिल्टर. ऑनलाइन बघायला गेलो तर एलपीएच काय, एच मॅक्स काय, वॅट काय, सगळं डोक्यावरनं गेलं. आई हॉलमध्येच झोपते त्यामुळं आवाज नको, ही मेन अट. पाणी बोअरचंच वापरावं लागणार, कॉर्पोरेशनचं चार-पाच दिवसांनी येतं ते घरालाच पुरत नाही. बजेट दोन-अडीच हजार. कुणी सरळ भाषेत सांगेल का?

हिप्परगा_पॅसेंजर :
कशाला एवढा विचार करलालाय मालक, कूलरचा पंप टाका की! प्रत्येक घरात एक तर पडलेला असतोच, १८ वॅटचा, पाणी बी दणकून मारतो. आमच्याकडं दिवाळीनंतर कूलर बंद झाला की पंप टाकीत, शिमग्यानंतर परत कूलरमध्ये. मासे टुमटुमीत हायत.

कडक_भाकरी :
@हिप्परगा_पॅसेंजर दादा, मग उन्हाळ्यात टाकीला काय लावता? पंपाची खरी गरज तेव्हाच असते की. पाणी जेवढं गरम तेवढा त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० डिग्रीला लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, ३० ला साडेसातच्या आसपास येतो. आणि आपल्याकडं मे महिन्यात टाकीचं पाणी ३२-३३ ला सहज जातं, त्यात गोल्डफिश म्हणजे थंड पाण्याचा मासा. बरोबर त्याच टायमाला तुम्ही पंप काढून कूलरला लावणार.

हिप्परगा_पॅसेंजर :
ताई उन्हाळ्यात मासे कूलरसमोरच असतात 😀 बरं बरं, दुसरा हाय एक. गंमत केली.

काठावरचा :
विजापूररोडकर, थोडं लांबण लावतो, पण एकदा कळलं की परत दुकानदाराला विचारायची गरज पडणार नाही.

आधी टाकीत पाणी किती ते काढा. लांबी रुंदी उंची इंचात मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि ६१ ने भागा, लिटर येतात. तुमची ३६ गुणिले १८ गुणिले १८ म्हणजे ११६६४, भागिले ६१, झाले १९१ लिटर. पण टाकी काठोकाठ कुणी भरत नाही, वरचे दोन इंच सोडले आणि खालची वाळू-दगड वजा केले तर खरं पाणी १६० च्या आसपास. आता हे पाणी तासाला पाच-सहा वेळा फिल्टरमधून जायला पाहिजे असा सगळीकडं चालणारा हिशोब आहे. गोल्डफिश खातो भरपूर आणि घाणही तेवढीच करतो, त्यामुळं आठ वेळा धरलं तरी चालेल. म्हणजे तुम्हाला ८०० ते १३०० लिटर तासाला लागतात. हे लागतात म्हणजे प्रत्यक्ष टाकीत पडायला लागतात, डब्यावर छापलेले नव्हे. सगळा घोळ इथंच होतो.

डब्यावरचा एलपीएच (लिटर पर अवर, तासाला लिटर) म्हणजे पंपाला ना पाईप, ना स्पंज, ना चढ, नुसता पाण्यात मोकळा चालवला तर जे येईल ते. एच मॅक्स म्हणजे ज्या उंचीला पाणी पोचतं पण बाहेर काहीच पडत नाही ती उंची. लोकांना वाटतं एच मॅक्स २ मीटर म्हणजे २ मीटरवर २००० लिटर मिळणार. २ मीटरवर शून्य मिळतं मालक. मधल्या उंचीला मधलं काहीतरी. छोट्या पंपांना अंदाजाला निम्म्या उंचीवर निम्मं पाणी धरा, फार चुकत नाही. आणि उंची मोजायची ती पंप जिथं बसलाय तिथून नाही, तर ज्या पाण्यात पंप आहे त्या पाण्याच्या पातळीपासून पाणी जिथं बाहेर पडतं तिथपर्यंत. पंप टाकीच्या तळाला असला काय किंवा मधे असला काय, टॉप फिल्टरला चढ तेवढाच, पाच-सहा इंच.

म्हणून ३००० चा घेऊ नका. तुमच्या टाकीला तो तासाला १८-१९ वेळा पाणी फिरवेल. कॉमेट टिकतील, पण ओरांडाचं गोलमटोल शरीर आणि डोक्यावरची ती टोपी घेऊन त्याला पाण्याच्या त्या जोरात दिवसभर पोहत राहायला लागेल, शेवटी कोपऱ्यात जाऊन बसतो बिचारा.

विजापूररोडकर :
बापरे. एवढं कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे १२००-१५०० चा पंप बघू का? आणि नुसता पॉवर हेड घेतला तर चालेल का, का फिल्टर वेगळा लागतोच?

काठावरचा :
नुसता पॉवर हेड म्हणजे गाळणी नसताना चहा ढवळत बसणं. पाणी फिरेल, वरचा थर हलेल, ऑक्सिजन मिळेल, पण घाण तिथंच राहणार. फिल्टरचं खरं काम स्पंजमध्ये आणि सिरॅमिक रिंगांमध्ये बसलेले बॅक्टेरिया करतात. माशांच्या घाणीतनं अमोनिया होतो, ते त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट. पंपाचं काम त्यांच्यापर्यंत पाणी न्यायचं एवढंच. त्यामुळं आधी मीडिया, म्हणजे हे स्पंज-रिंगा, किती बसवायचा ते ठरवा, मग त्याला पुरेल असा पंप.

पुणे_टू_सोलापूर :
इथे थोडं वेगळं मत मांडतो. माझ्याकडे प्लँटेड टाकी आहे आणि मी कॅनिस्टरशिवाय (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) दुसरं काही सुचवणार नाही. आवाज जवळजवळ शून्य, मीडिया भरपूर बसतो आणि टाकीच्या आत फक्त दोन पाईप दिसतात. बरं, कॅनिस्टर खाली कपाटात असला तरी वर काठावरचा म्हणतात तसा चढाचा तोटा होत नाही, कारण दोन्ही पाईप पाण्याने भरलेले असतात आणि एका पाईपमधून उतरणारं पाणी दुसऱ्यातून चढणाऱ्याचा तोल सांभाळतं. पंपाला फक्त पाईपचं आणि मीडियाचं घर्षण भागवायचं असतं.

कडक_भाकरी :
कॅनिस्टर दोन-अडीच हजारात, आणि तो पण १९० लिटरच्या गोल्डफिश टाकीला? पुण्यात मिळत असेल 😀

पुणे_टू_सोलापूर :
ताई, सनसन कंपनीचे छोटे मॉडेल सेलमध्ये बरे पडतात, पण हो, या बजेटला ताणावं लागेल हे मान्य. आणि कॅनिस्टरवर लिहिलेला एलपीएचही रिकाम्या डब्याचाच असतो. रिंगा, स्पंज, पांढरा फ्लॉस ठासून भरला आणि महिनाभर धुतला नाही की निम्म्याच्या आसपास उरतो.

यंत्रमागाचा_नातू :
कॅनिस्टर चांगला, पण आपल्याकडं लाईट जाते ते धरलं पाहिजे. बंद डब्यात पाणी थांबलं की आतले बॅक्टेरिया उरलेला ऑक्सिजन संपवतात, मग मरायला लागतात. चार-सहा तास लाईट नसेल आणि परत आली की तो सगळा सडका डोस सरळ टाकीत. एवढा वेळ बंद राहिला तर चालू करायच्या आधी कॅनिस्टरमधलं पाणी ओतून टाकायचं, मीडिया टाकीच्या पाण्यात खळबळून घ्यायचा, मगच स्विच. टॉप फिल्टरमध्ये हा त्रास कमी, मीडिया उघडा असतो, हवा लागत राहते, फक्त वाळू द्यायचा नाही.

आणि विजापूररोडकर, तो जुना पंप घूं घूं करतो म्हणालात ना? टाकून देऊ नका. कॉइल जळालेला पंप बहुतेक वेळा आवाजच करत नाही. घूं करतो म्हणजे आत करंट जातोय, मॅग्नेट जागच्या जागी थरथरतोय, फक्त फिरत नाहीये. बोअरच्या पाण्याचे क्षार शाफ्टवर बसलेत, दुसरं काही नसणार. आधी प्लग काढा. पुढची जाळी काढा, मग गोल झाकण थोडं फिरवून ओढा, आतला पंखा (इम्पेलर) मॅग्नेटसकट बाहेर येतो, जरा ओढ लागते ती मॅग्नेटची. मधे पांढरी सिरॅमिकची काडी (तोच शाफ्ट) असते ती जपा, हातातनं फरशीवर पडली की संपली. पंखा, काडी आणि पंपाची ती पोकळी, सगळं पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा. व्हिनेगर नसेल तर लिंबूसत्त्व गरम पाण्यात. वायर आणि प्लग बाहेर. सकाळी जुन्या टूथब्रशनं घासा, पोकळीत आत कापूस लावलेली काडी फिरवा, साध्या पाण्यानं नीट धुवा.

वाइंडिंगवाला_बाळीवेस :
नातू बरोबर बोलतोय. माझ्याकडं रिपेरीला येणाऱ्या फिश टँकच्या पंपांत निम्म्याला नुसतं साफ करून देतो, पैसे घ्यायला लाज वाटते. वाइंडिंग यांचं करता येतच नाही, सगळं रेझिनमध्ये बंद असतंय. ते रेझिन तडकलं, पाणी शिरलं की पंप कचऱ्यात, जोडाजोडी करायची नाही. कुणी एम-सील लावून देतो म्हणला तरी नको, पाण्यात हात घालायचाय आपल्याला.

अजून एक सांगतो. हे पंप पाण्यानंच थंड होतेत. पाणी खाली गेलं आणि पंप कोरडा चालला की शाफ्टची होल लूज होते, मग आयुष्यभर खडखड. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी रोज दिसण्याएवढं उडून जातंय, त्यामुळं पंप वर वर लावायचा नाही, निम्म्याच्या खाली लावा. अगदी तळाला वाळूत पण नको, वाळूचा खडा पंख्यात गेला की वाजलंच म्हणा.

विजापूररोडकर :
ठीक आहे, आज व्हिनेगर आणतो. दुसरा प्रश्न, पंप चालू झाला आणि फ्लो जास्त वाटला तर छताच्या पंख्याचा रेग्युलेटर लावून कमी करता येतो का? आमच्याकडे एक जादा पडलाय.

यंत्रमागाचा_नातू :
नाही नाही, ते करू नका. ह्या पंपातली मोटर सिंक्रोनस, तिचा स्पीड लाईटच्या फ्रिक्वेन्सीवर ठरतो. आपली लाईट ५० हर्ट्झची, म्हणजे पंखा मिनिटाला ३००० फेरे, कमी नाही जास्त नाही. रेग्युलेटरनं व्होल्टेज कमी केलं की स्पीड कमी होत नाही, फक्त जोर कमी होतो, आणि एका हद्दीनंतर पंखा सटकतो नि परत घूं घूं. कमी व्होल्टेजला संध्याकाळी पंप चालूच होत नाही त्याचं कारण पण हेच. साधे पंप चालू होताना कधी उजवीकडं कधी डावीकडं फिरतेत, त्यामुळं त्यांच्या पंख्याची पाती सरळ असतेत, बघा खोलून. स्पीड कमी-जास्त करायचाच असेल तर डीसी पंप मिळतात, ॲडाप्टरवाले, त्याला बटण असतं. महाग पडतात पण आवाज कमी, वॅट कमी.

काठावरचा :
साध्या पंपाचा फ्लो कमी करायचा असेल तर बाहेर पडणाऱ्या बाजूला करा. आउटलेटवर फिरवायची चावी असते, नसली तर पाईपला छोटा कॉक लावा. ओढणारी बाजू कधीच दाबायची नाही, तिकडं पंप उपाशी राहतो, हवा ओढायला लागतो, आवाज करतो. तसंच ओढणाऱ्या बाजूला बारीक भोकाचा स्पंज लावून तो महिनोन्महिने न धुणं म्हणजे पण दाबणंच झालं.

कडक_भाकरी :
गप्पीवाल्यांना मात्र तो स्पंज लागतोच, नाहीतर पिल्लं सरळ पंपात. माझ्याकडं गच्चीवर टब आहेत, तिथं मी पंपाचा नादच सोडला. एअर पंप आणि स्पंज फिल्टर. पाच वॅटमध्ये दोन टब चालतात, पिल्लं सुरक्षित. बुडबुडे वर जाताना पाणी ओढून नेतात, स्पंजमधून पाणी आपोआप फिरतं. एकच काळजी, एअर पंप टाकीच्या पाण्याच्या पातळीच्या वर ठेवायचा, खाली ठेवायचा असेल तर नळीत नॉन रिटर्न व्हॉल्व्ह. नाहीतर लाईट गेली की पाणी नळीतून उलटं येऊन पंपात नि तिथून बोर्डात.

हिप्परगा_पॅसेंजर :
वीजबिलाचं पण बोला की कुणी तर. २४ तास चालणार ते.

यंत्रमागाचा_नातू :
सोपंय. वॅट गुणिले २४ गुणिले ३० भागिले १०००. १८ वॅट म्हणजे महिन्याला १३ युनिट. ते ३००० लिटरवाले ५०-५५ वॅट खातात, ५५ धरला तर जवळजवळ ४० युनिट. एअर पंप ५ वॅटचा, साडेतीन युनिट. आणि हे लक्षात घ्या, पंप पाण्यात बुडलेला असला की त्यानं खाल्लेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊन पाण्यातच जाते. ५५ वॅटचा पंप म्हणजे बारीक हीटरच. आपल्याला तर पाणी थंड ठेवायचंय.

विजापूररोडकर :
अपडेट. नातू आणि वाइंडिंगवाले, दोघांना एक एक प्लेट शेंगाचटणी-भाकरी माझ्याकडून! रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवला, सकाळी त्यातनं चुन्यासारखा पांढरा गाळ निघाला. पंखा हातानं फिरवला तर मोकळा फिरतोय. टाकीत टाकला, एकदा खर्र्र वाजला, हवा निघाली आणि चालू! आता हा किती लिटरचा आहे ते कळत नाही, वरचं स्टिकर पुसलंय, नुसतं १८ वॅट वाचता येतंय.

काठावरचा :
मोजायचा. आउटलेटला पाईप लावा, पाईपचं तोंड टाकीच्या काठाशी म्हणजे जिथं पुढं फिल्टर बसणार तेवढ्या उंचीला धरा, आणि खाली लिटरची बाटली. मोबाईलवर सेकंद बघा. ३६०० भागिले सेकंद म्हणजे तासाला लिटर. बाटली फार पटकन भरली तर मोजण्यात फसगत होते, मग १० लिटरची बादली घ्या आणि ३६००० भागिले सेकंद करा. बादलीवरच्या खुणेवर विश्वास ठेवू नका, बाटलीनं दहा वेळा ओतून स्वतःची खूण करा.

विजापूररोडकर :
बादली ४० सेकंदात भरली. म्हणजे ९००?

काठावरचा :
हो, ९०० आणि ते पण चढ धरून. तुमच्या टाकीला साडेपाच पट. झालं की काम. नवीन पंप कशाला पाहिजे? पैसे फिल्टरच्या डब्यात आणि मीडियात घाला. टॉप फिल्टरचा नुसता ट्रे घ्या, त्यात पाणी पडतं तिथं आधी पांढरा फ्लॉस, मग जाड स्पंज, मग शेवटी सिरॅमिक रिंगा, जेवढ्या मावतील तेवढ्या. फ्लॉसच्या जागी घरातला कापूस नको, तो कुजतो. सिंथेटिक, उशीत भरतात तसला चालतो. कोळसा रोज लागत नाही, औषध दिलं असेल तर ते काढायला वापरा.

एकदम नवीन मीडियात बॅक्टेरिया नसतात, तयार व्हायला चार ते सहा आठवडे. तोवर खाणं निम्म्यावर आणा. बोअरच्या पाण्याला हे जास्त लागू, कारण पीएच आठच्या पुढं असला आणि पाणी गरम असलं की तेवढाच अमोनिया जास्त विषारी ठरतो. कुणाकडं जुना चालू फिल्टर असेल तर त्यातला स्पंजचा एक तुकडा मागून आणा, ओलाच आणा, पिशवीत टाकीचं पाणी घालून.

कडक_भाकरी :
स्पंज माझ्याकडून घेऊन जा, जुळे सोलापूरला असते मी. मेसेज करा.

पुणे_टू_सोलापूर :
काठावरचा, ९०० कमी नाही का? गोल्डफिशला दहा पट हवं असं सगळीकडे वाचलंय. त्या हिशोबाने १६०० पाहिजे.

काठावरचा :
ते दहा पट लोक डब्यावरच्या आकड्यानं म्हणतात हो. डब्यावर १६०० असलेला पंप स्पंज-पाईप लावून ९०० च्या आसपास येतो, म्हणजे तुम्ही आणि मी एकच बोलतोय. शिवाय पटीला काही अर्थ नाही जर मीडिया मूठभर असेल. मासे वाढवले तर बघू.

पुणे_टू_सोलापूर :
हे बरोबर. डब्यावरचा आणि प्रत्यक्षातला आकडा वेगळा लिहायला पाहिजे खरंतर सगळ्यांनी.

सातरस्ता_सिक्लिड :
उशीरा आलो. माझी ५ फुटी टाकी आहे, खाली सम्प (फिल्टरची दुसरी टाकी). वरचा चढाचा हिशोब सम्पवाल्यांना खरा चावतो. सम्पमधल्या पाण्यापासून टाकीच्या काठापर्यंत माझ्याकडं साडेतीन-पावणेचार फूट, म्हणजे ११० सेंटीमीटरच्या आसपास. २ मीटर एच मॅक्सवाला पंप लावला तर निम्मं पण वर येत नाही. ३ मीटरवाला लावला, पाईप अर्ध्या इंचाचा काढून पाऊण इंची केला आणि एल्बो कमी केले, तर फरक उघड्या डोळ्यांनी दिसला. प्रत्येक एल्बो पाणी खातो. वळण पाहिजेच असेल तर लवचिक पाईप मोठ्या गोलाईत फिरवा.

सम्पवाल्यांनी अजून एक करायचं, वर जाणाऱ्या पाईपला टाकीत पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली एक बारीक भोक पाडायचं. लाईट गेली की पाणी पाईपमधून उलटं सम्पमध्ये ओढलं जातं, भोकापर्यंत पातळी आली की हवा शिरते नि सायफन तुटतो. नॉन रिटर्न व्हॉल्व्हवर भरवसा नको, त्यात शेवाळ अडकलं की तो उघडाच राहतो. आणि तेवढं परत येणारं पाणी मावेल इतका सम्प रिकामा ठेवा. पंप मुद्दाम बंद करून बघा एकदा, घरातले जागे असताना.

विजापूररोडकर :
टॉप फिल्टर बसवला. सगळं मस्त, पण रात्री पाणी पडण्याचा आवाज येतो. आई म्हणते नळ चालू राहिलाय असं वाटतं, दोनदा उठून बाथरूम बघून आली. 🙈

कडक_भाकरी :
पातळी वाढवा. पाणी जेवढ्या उंचीवरून पडेल तेवढा आवाज. ट्रेच्या तोंडाशी दोन बोटं राहतील इतकं भरा, झुळझुळ राहील फक्त. उन्हाळ्यात पातळी उतरली की आवाज परत वाढेल, तेव्हा रोज तांब्याभर घालत राहायचं. पडण्याच्या तोंडाला स्पंजची पट्टी लावली तर पाणी सरकत उतरतं, तो पण एक उपाय. पूर्ण पाण्याखाली मात्र नको, पाण्याचा वरचा थर हललाच पाहिजे.

वाइंडिंगवाला_बाळीवेस :
पंप स्वतः गुरगुरत असेल तर तो काचेला चिकटलाय का बघा. रबरी वाट्या जुन्या झाल्या की कडक होतेत, मग कंपन सरळ काचेत. वाट्या नवीन टाका, नाहीतर पंपाखाली स्पंजचा तुकडा. काडीच्या दोन टोकांना बारीक रबरी बुश असतेत, साफ करताना ते हरवले की खडखड कायमची.

विजापूररोडकर :
वाट्या कडकच आहेत, बदलतो. पाणी भरलं, आवाज खूप कमी झाला. आता फक्त उन्हाळ्यात लाईट गेली तर काय, एवढंच. घरी इन्व्हर्टर आहे.

यंत्रमागाचा_नातू :
इन्व्हर्टर साईन वेव्ह आहे का स्क्वेअर वेव्ह बघा. स्क्वेअरवर हे पंप गरम होतेत नि वाजतेत. आणि पंपापेक्षा इन्व्हर्टरवर ५ वॅटचा एअर पंप टाका, बॅटरी कितीतरी जास्त पुरते, माशांना त्या वेळेला श्वास पाहिजे, फिल्टर नंतर. इन्व्हर्टर नसलेल्यांना बॅटरीवर चालणारे छोटे एअर पंप मिळतात, लाईट गेली की आपोआप चालू होणारे पण आहेत.

दुपारी पाणी फार तापलं तर टेबलफॅनचा वारा पाण्यावर तिरका सोडा. आपली हवा कोरडी, पाणी भराभर उडतं आणि उडताना दोन-तीन डिग्री घेऊन जातं. मुंबईवाल्यांना हे एवढं जमत नाही.

आणि वायर. प्लगकडं जाणारी वायर प्लगच्या खाली लोंबून मग वर गेली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी खालच्या झोळातच टपकतं, बोर्डात जात नाही. घरात ३० मिलिॲम्पची आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या, टाकी असो नसो. पाण्यात हात घालायच्या आधी स्विच बंद, दर वेळी.

हिप्परगा_पॅसेंजर :
बरं आता सिरियस विचारलालोय. माझा तो कूलरचा पंप तसाच ठेवू का काढू? ताईंनी टेन्शन दिलं.

वाइंडिंगवाला_बाळीवेस :
काढा म्हणत नाही. आतली मोटर बऱ्याचदा त्याच जातीची असते. फक्त उलटा करून बघा, लोखंडी स्क्रू दिसतेत का, गंजलेत का, पितळ-तांब्याचं काही पाण्यात आहे का. तांबं माशाला वाईट, झिंग्याला तर लगेच. वायर जिथं पंपात शिरते तिथं बोटानं वाकवून बघा, चीर असेल तर आजच बाद. जाळी मोठ्या भोकांची असते, त्यावर स्पंज चढवा. आणि हिवाळ्यात टाकीत, उन्हाळ्यात कूलरमध्ये हे बंद करा, कूलरमध्ये वाळ्याचं, गंजाचं, सेंटचं पाणी फिरलेलं असतं, तोच पंप परत माशांत नको.

हिप्परगा_पॅसेंजर :
सेंट टाकतो आमचा बारका कूलरमध्ये, मोगऱ्याचं. 😬 काढतो.

शेळगी_गप्पी :
धागा वाचून मी पण पंप खोलला, त्याची पांढरी काडी मधेच तुटलेली निघाली. नुसती काडी मिळते का सोलापुरात का पूर्ण पंपच घ्यायचा?

वाइंडिंगवाला_बाळीवेस :
मिळते, पण मॉडेलचं नाव सांगून मागू नका, एकाच नावाच्या पंपात दोन जाडीच्या काड्या बघितल्यात मी. तुटलेले दोन्ही तुकडे आणि पंखा बरोबर घेऊन जा. तुकडे जोडून लांबी मोजा, नवीन काडी पंख्यात घालून दुकानातच फिरवून बघा. डुगडुगली तर घेऊ नका. बहुतेक दुकानदार काडी-पंखा जोडीच देतेत, जोडीच घ्या, जुन्या पंख्याचं भोक आता मोठं झालेलं असणार.